पायरीपायरीने सांगण्याचे शास्त्र

दहा लाख नावांची यादी अकारविल्हे लावून ठेवलेली आहे आणि तिच्यात एक विशिष्ट नाव आहे की नाही एवढेच पाहायचे आहे, असे क्षणभर धरून चालू. पहिल्यापासून एकेक नाव वाचत गेलो, तर वेळप्रसंगी दहा लाख नावे तपासावी लागतील. त्याऐवजी यादी बरोबर मधोमध उघडली आणि आपले नाव मधल्या नावाच्या अलीकडे येते की पलीकडे एवढेच पाहिले, तर एका फटक्यात पाच लाख नावे बाद होतात. उरलेल्यांचे पुन्हा तसेच निम्मे करत गेलो, की जास्तीत जास्त २० तपासण्यांत उत्तर हाती येते. यादी वीस लाखांची झाली, तर तपासणी वाढते फक्त एक. या सगळ्यात यंत्राचा उल्लेख कोठेही आलेला नाही, हे श्रोत्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

एखादे काम जराही संदिग्धता न ठेवता पायरीपायरीने कसे सांगावे, ते करायला किती वेळ आणि जागा लागेल, आणि मुळात ते अशा रीतीने होण्याजोगे आहे का, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे संगणकशास्त्र. अशा कृतिक्रमाला आपण अल्गोरिदम म्हणतो; हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल् ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. शेवटचा प्रश्न सर्वांत खोल आहे. कोणताही प्रोग्रॅम समोर ठेवला असता तो कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितींनी १९३६ साली सिद्ध केले. आज आपण वापरतो तसे संगणक तेव्हा अस्तित्वातही नव्हते. यंत्र घडण्याआधीच त्याची मर्यादा ठरून गेली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

समाजाशी याचा संबंध काय, हे एका दुर्घटनेवरून नीट कळते. १९९१च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात वेळ मोजत असे. आपल्याला ०.१ हा आकडा अगदी साधा वाटतो, परंतु शून्य आणि एक एवढेच अंक असलेल्या द्विमान पद्धतीत तो लिहू गेल्यास अपूर्णांक कधी संपतच नाही. म्हणून तो २४ स्थानांत तोडून ठेवलेला होता. तोडल्यामुळे पडलेला फरक होता सुमारे ०.०००००००९५ इतका. यंत्रणा सलग १०० तास चालू राहिली, तेवढ्यात घड्याळाचे ३६ लाख ठोके पडले आणि त्या नगण्य फरकाचे ०.३४ सेकंद झाले. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने ते आकाशात चुकीच्या जागी शोधले आणि २५ फेब्रुवारी रोजी २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर तेथे दुसऱ्या दिवशी पोहोचले.

ही चूक आकड्यांची होती, म्हणून ती मागाहून का होईना, बोट ठेवून दाखवता आली. कर्ज कोणाला द्यावे, कोणाचा नोकरीचा अर्ज पुढे पाठवावा, असे निर्णय प्रोग्रॅमवर सोपवले जातात तेव्हा परिस्थिती अधिक अवघड होते, कारण ‘पात्र’ म्हणजे काय, हेच आधी कोणीतरी आकड्यांत ठरवलेले असते. ‘सिस्टीम घेत नाही’ असे खिडकीवर ऐकून परत फिरणाऱ्या माणसाला त्यामागे कोणाचा तरी निर्णय आहे, हेही ठाऊक नसते. हल्ली तर असे नियम जुन्या निर्णयांच्या नोंदींवरून यंत्राकडूनच काढून घेतले जातात. मग त्या नोंदींतला पक्षपात नियमांत उतरतो आणि दोष अमुक ओळीत आहे, असे दाखवायला ओळच सापडत नाही. अशा निर्णयाचे कारण उलगडून दाखवणाऱ्या रीती शोधण्याचे काम आज अनेक संशोधक करीत आहेत. त्या पुरेशा भरवशाच्या होईपर्यंत ज्याचा अर्ज नाकारला गेला त्याला कारण सांगण्याची जबाबदारी एखाद्या माणसाकडेच राहिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.