शहर उलटं करून पाहताना

मित्रहो,

संयोजकांनी पत्रिकेवर ‘महानगरातल्या अज्ञात जागा’ असा विषय छापला आहे. त्यामुळे बरेच जण वही-पेन सरसावून बसलेले दिसतात. तेव्हा आधीच सांगून टाकते, यादी मी आणलेली नाही. अशा याद्यांना आता तोटा नाही, आणि जागा एकदा यादीत गेली की तिथे रांग लागते. मग आपण जागा पाहत नाही, फक्त आपण तिथे पोचलो याची खात्री करून परत फिरतो.

कापडाची पारख असलेला माणूस कपडा हातात आला की आधी तो उलटा करतो. शिवण कुठे आहे, जोड कुठे दिलाय, हे त्याला बघायचं असतं. मोठ्या शहराकडेही असंच बघावं, एवढंच आज मला सांगायचं आहे. ज्या कोपऱ्यांना आपण ‘लपलेले’ म्हणतो, ते सहसा कुणी मुद्दाम लपवलेले नसतात. लाखो माणसं एका जागी राहायला लागली की पाणी कुठून तरी आणावं लागतं, धूर कुठे तरी सोडावा लागतो, गेलेल्यांची आठवण कुठे तरी ठेवावी लागते. या गरजा भागवताना राहिलेली शिवण म्हणजे तो कोपरा. त्यामुळे एखादी विचित्र गोष्ट दिसली की ‘किती छान’ म्हणण्याआधी ‘हे इथे का?’ असं विचारावं.

लंडनमध्ये लिन्स्टर गार्डन्स नावाचा रस्ता आहे. उंच, पांढऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांची ओळ. खांब, सज्जे, सगळा थाट एकसारखा. २३ आणि २४ नंबरची घरं शेजारच्या घरांहून वेगळी वाटत नाहीत. पण जरा थांबून बघा. खिडक्यांना काच नाही, नुसता करडा रंग आहे. दारांना पत्र टाकायची फट नाही. ही घरं नाहीतच, ती सुमारे दीड मीटर जाडीची भिंत आहे! मागच्या गल्लीत गेलात की उघडा खड्डा दिसतो आणि खाली रुळावरून गाडी जाते. १८६० च्या दशकात भुयारी रेल्वे इथून नेली तेव्हा इंजिनं वाफेची होती. बोगद्यात कोंडलेला धूर आणि वाफ मोकळी करायला मध्येमध्ये आभाळ लागायचं. त्यासाठी दोन घरं पाडली, आणि रस्त्याची शोभा जाऊ नये म्हणून त्यांचे मुखवटे उभे केले. वाफेची इंजिनं कधीच गेली. मुखवटे अजून उभे आहेत, रंगरंगोटीसकट. पॅरिसमध्ये आणि न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही अशी खोटी घरं आहेत आणि तिथलंही कारण तेच, खालच्या रेल्वेला श्वास घेता यावा.

पाण्याच्या मागे लागलं तर याहून मजा येते. लंडनच्या पोटात नद्या आहेत. फ्लीट ही त्यातली एक. हॅम्पस्टेडच्या टेकाडावरून निघून ती थेम्सला मिळते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ती टप्प्याटप्प्याने झाकली गेली आणि शेवटी गटारात जमा झाली. क्लर्कनवेल भागात रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे. रहदारी थोडी कमी असताना तिथे कान दिला तर खालून पाण्याचा आवाज येतो. वेस्टबोर्न नावाची नदी तर स्लोन स्क्वेअर स्टेशनात प्रवाशांच्या डोक्यावरून जाते. फलाटाच्या वर आडवा मोठा लोखंडी नळ दिसतो, त्यातून. रोज त्याखाली गाडीची वाट बघणाऱ्या किती जणांना आपण नदीखाली उभे आहोत याची कल्पना असेल?

पण पाण्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट इस्तंबूलची आहे. १५४० च्या दशकात पियेर जिल नावाचा फ्रेंच विद्वान जुन्या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, अवशेषांच्या शोधात तिथे आला. हिंडताना त्याच्या कानावर आलं की अमुक भागातले लोक घरातल्या जमिनीतल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात. यात विशेष काही नाही, विहिरी असतातच. पण काही जण म्हणे त्याच भोकातून मासेही पकडत! जिलने माग काढला, एका घरातून खाली उतरला आणि मशालीच्या उजेडात होडीतून फिरला. वर घरं, अंगणं, माणसांची रोजची भांडणं. खाली नऊ-नऊ मीटर उंचीचे ३३६ संगमरवरी खांब पाण्यात उभे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने राजवाड्यासाठी बांधलेला तो जलाशय होता. ज्यांच्या पायाखाली तो होता त्यांना पाणी माहीत होतं, मासे माहीत होते, फक्त हे एवढं मोठं काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. मला यात त्यांचा दोष वाटत नाही. रोज पाणी भरणाऱ्याला चौकशी करायला सवड कुठून असणार? परक्याचा उपयोग होतो तो इथे.

त्या जलाशयात दोन खांबांच्या तळाशी मेडूसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या बाईची, कोरलेली डोकी आहेत. एक आडवं, एक चक्क उलटं. त्यामागच्या गूढ अर्थाच्या गोष्टी पर्यटकांना भरपूर ऐकायला मिळतात. बहुधा खरं कारण साधं आहे, खांब उंचीला कमी पडत होते आणि जुन्या इमारतींचे दगड हाताशी होते. पाण्याखाली कोण बघणार आहे, असा गवंड्याचा हिशेब. मला त्या गूढ अर्थांपेक्षा हा गवंडीच जास्त भावतो.

आता पॅरिसकडे येऊ. व्होजिरार रस्त्यावर ३६ नंबरच्या इमारतीच्या कमानीखाली भिंतीत संगमरवराची एक पट्टी बसवलेली आहे. तिची लांबी बरोबर एक मीटर. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नवं माप आलं, पण लोकांच्या हाताला जुनी मापं बसलेली. म्हणून १७९६-९७ च्या सुमारास शहरात अशा १६ पट्ट्या लावल्या, म्हणजे कुणालाही आपली काठी किंवा कापड तिथे लावून बघता यावं. आता दोनच उरल्या आहेत आणि मूळ जागी आहे ती ही एकच. जगभर आपण ज्या मापाने जमिनी मोजतो, ते एकेकाळी भिंतीवर लावून शिकवावं लागलं होतं.

समोरच लक्झेंबर्ग बाग आहे. तिथे पुतळ्यांसमोर गर्दी असते. आपण झाडाच्या सालीकडे बघायचं. सालीवर राखाडी-पिवळे खवले दिसतील, ते दगडफूल. अगदी जवळ गेलं की त्याला कडा, वाट्या, सुरकुत्या असल्याचं कळतं. १८६६ मध्ये विल्यम न्यूलांदर या फिनिश शास्त्रज्ञाने याच बागेतल्या दगडफुलांच्या नोंदी केल्या. बाकी शहरात ती दिसेनाशी झाली आहेत आणि इथे टिकून आहेत, म्हणजे इथली हवा बरी असणार, असं त्याने मांडलं. शतक संपेपर्यंत कोळशाच्या धुराने बागेतलीही गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीला हवेतला सल्फर डायऑक्साइड कमी झाला तशी ती पुन्हा येऊ लागली. म्हणजे भिंतीत एक माप आणि झाडावर दुसरं. दोन्हींना तिकीट नाही.

टोकियोत तर या नजरेची एक चळवळच झाली. १९७२ मध्ये आकासेगावा गेनपेई या कलावंताला योत्सुया भागात एक जिना दिसला. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, आणि वर दार नाही. कधीकाळी असेल, ते बुजवलेलं. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याच्या लक्षात आलं की जिन्याचा कठडा एका जागी तुटला होता आणि तो कुणीतरी दुरुस्त केला होता! कुठेच न जाणाऱ्या जिन्याची डागडुजी. मग तो आणि त्याचे विद्यार्थी अशा निरुपयोगी पण निगुतीने जपलेल्या वस्तू शोधत हिंडू लागले. त्यांना त्यांनी ‘टोमॅसन’ म्हणायचं ठरवलं. गॅरी टोमॅसन हा अमेरिकन बेसबॉलपटू मोठ्या पगारावर जपानी संघात आला होता आणि त्याची बॅट काही चेंडूला लागत नव्हती. खेळाडूवर जरा अन्यायच झाला, पण वर्णन चपखल आहे.

डोळ्यांचं झालं, कानांचं बोलते. न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ४५ व्या आणि ४६ व्या रस्त्यांच्या मधल्या पादचारी पट्ट्यावर हवेच्या जाळीखालून एक खोल, घंटेच्या रेंगाळत्या नादासारखा स्वर येत असतो. मॅक्स न्यूहाउस या कलावंताने १९७७ मध्ये तो तिथे बसवला. १९९२ मध्ये बंद पडला, २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पाटी मुद्दाम लावलेली नाही. बहुतेक लोक तो भुयारी रेल्वेचा आवाज समजून पुढे जातात. जवळच ग्रँड सेंट्रल स्टेशनात एका बुटक्या कमानदार छताखाली एका कोपऱ्यात तोंड करून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू जातं, कारण फरशांच्या वळणावरून आवाज सरकत जातो. हे करताना पाठमोरी माणसं शिक्षा झालेल्या पोरांसारखी दिसतात, तेही बघण्यासारखं असतं.

एक जागा मात्र गंमत म्हणून सांगता येत नाही. लंडनच्या मध्यवर्ती भागात पोस्टमन्स पार्क नावाची लहानशी बाग आहे. तिथे एका छपराखाली भिंतीवर चिनी मातीचे फलक आहेत. दुसऱ्याला वाचवताना प्राण गेलेल्या साध्या माणसांची नावं त्यावर आहेत. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही कल्पना सुचवली होती, तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. १९०० मध्ये स्मारक उभं राहिलं. १२० फलकांची जागा ठेवली होती, आज ५४ आहेत. एक अ‍ॅलिस एअर्सचा. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची ही मुलगी. १८८५ मध्ये घराला आग लागली तेव्हा तिने खिडकीतून पिसांची गादी खाली टाकली आणि बहिणीच्या तीन मुलींना एकेक करून त्यावर सोडलं. तिच्या स्वतःच्या वेळी अंगात त्राण उरलं नव्हतं. चौकातल्या सेनापतींच्या पुतळ्यांपेक्षा ही भिंत मला शहराबद्दल जास्त सांगते.

अशा हिंडण्याबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. रमतगमत फिरणं सगळ्यांना सारखं जमत नाही. एकट्या बाईला अंधाऱ्या बोळात कुतूहल परवडत नाही, आणि दोन नोकऱ्या करणाऱ्याला दुपार मोकळी मिळत नाही. शिवाय आपल्याला जो ‘अनोखा कोपरा’ वाटतो, तो कुणाचा तरी ओटा असतो, कपडे वाळत घालायची जागा असते. तिथे कॅमेरा काढण्याआधी विचारावं. नाही म्हणाले तर निघावं, रुसू नये.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीच आहे, ‘सुरुवात कुठून करावी?’ पाण्यापासून करा. पाऊस पडून गेल्यावर आपल्या रोजच्या रस्त्यावर पाणी कुठे वळतं, कुठे नाहीसं होतं, ते बघत चला. उतार ज्या बाजूला आहे तिकडे जुना ओढा असण्याची शक्यता चांगली असते. मग जुना नकाशा मिळवा. बऱ्याच मोठ्या शहरांचे ते ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात बघायला मिळतात. तो घेऊन पुन्हा त्याच रस्त्याने जा. वाटेत नकाशात नसलेलं वळण लागलं तर आसपासच्या सगळ्यात म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा. तो तासभर सोडणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा.

दुसरी चिठ्ठी वाचते.