पन्नास यार्डांच्या मैदानातली शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि समोरचे धिप्पाड गडी अंगावर कोसळण्याआधी, जेमतेम तीनेक सेकंदांत, तो कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. आज बोलायचे आहे ते अशाच एका खेळाडूविषयी, कर्ट वॉर्नरविषयी.

नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्याची बहुतेक वर्षे बाकावर बसण्यात गेली. १९९३ साली, शेवटच्या वर्षी, संधी मिळाली आणि त्याने तिचे सोने केले; तरीही १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात तेव्हा, त्याचे नाव कोणीच घेतले नाही. ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिराला बोलावले खरे, पण मोसमाआधीच घरी पाठवले. मग तो आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला ताशी साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल रचू लागला.

या कहाणीतला हाच भाग लोकांना फार आवडतो. मला मात्र त्यापुढची तीन वर्षे अधिक मोलाची वाटतात. १९९५ पासून तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. हा खेळ छपराखाली चालतो. मैदान शंभरऐवजी पन्नास यार्डांचे, रुंदीही निम्मीच, आणि कडेला गाद्या लावलेल्या भिंती. एवढ्याशा जागेत विचार करायला उसंत नसते, त्यामुळे चेंडू हातातून झटकन सोडण्याची सवय त्याच्या अंगी मुरली.

१९९८ चा उन्हाळा ॲमस्टरडॅममध्ये खेळून तो सेंट लुई रॅम्स संघात राखीव म्हणून आला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा दुखावला आणि वॉर्नर मैदानात उतरला. आदल्या मोसमात केवळ चार सामने जिंकलेल्या संघाने तेरा जिंकले. वॉर्नरच्या फेकीवर ४१ टचडाउन झाले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोचला.

पुढे ॲरिझोना कार्डिनल्सलाही त्याने सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीपर्यंत, नेले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याची निवड झाली. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती ३० जानेवारी २००० ची अटलांटातली अंतिम लढत. रॅम्सची टेनेसी टायटन्सशी १६-१६ अशी बरोबरी, खेळ संपायला सुमारे दोन मिनिटे. टायटन्सचा जेव्हॉन कर्स वॉर्नरच्या अंगावर येऊन आदळला, पण तोवर चेंडू हातातून सुटला होता. थोड्या आखूड पडलेल्या त्या फेकीसाठी रॅम्सचा आयझॅक ब्रूस मागे वळला, त्याने ती झेलली आणि तो थेट गोलरेषेपलीकडे धावत गेला. ७३ यार्डांचा टचडाउन.