आशियातल्या बायकांचं हँडबॉल: अम्मान ते दिल्ली

पालकहो, शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरींनो,

सेलूच्या आसपासच्या शाळांत मी एकतीस वर्षं खेळ शिकवला. मुलींना कोहली माहीत, सिंधू माहीत. पण ज्या हँडबॉलसाठी, हातानं चेंडू गोलमध्ये मारायच्या या खेळासाठी, त्या सकाळी सहाला मैदानावर येतात, त्यात आशियात कुणाचा दबदबा आहे असं विचारलं की सगळ्या गप्प. आज तेवढंच सांगायला आले आहे.

सुरुवात जरा मागून करते. १९१७ साली बर्लिनमध्ये मॅक्स हायझर नावाच्या गृहस्थांनी या खेळाचे नियम बसवले, ते बायकांसाठी. अंगाला अंग न भिडवता खेळता यावं, असा त्यांचा हेतू. दोन वर्षांनी कार्ल शेलेंझ यांनी ते बदलून पुरुषांसाठी रांगडे केले. आणि पुढं काय झालं बघा. ऑलिंपिकमध्ये पुरुष १९३६ ला उतरले, बायका १९७६ ला. ज्यांच्यासाठी हा डाव मांडला, त्याच चाळीस वर्षं दाराबाहेर! आशियातही तीच गत. पुरुषांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९७७ ला कुवेतमध्ये सुरू झाली, बायकांची सुरू व्हायला १९८७ उजाडलं. पहिली स्पर्धा जॉर्डनच्या अम्मान शहरात झाली आणि दक्षिण कोरिया जिंकला.

मग बीजिंग, कोरिया. हिरोशिमा, कोरिया. २००० पर्यंत आठ स्पर्धा झाल्या, आठही कोरियानं नेल्या. २००२ ला अल्माटीत कझाकस्ताननं ही साखळी तोडली, २००४ ला हिरोशिमात जपाननं. २०१० ला परत कझाकस्तान, तेही घरच्याच मैदानावर. २०२२ पर्यंत बाकी सगळं कोरियाचं. २०२४ पर्यंतच्या वीस स्पर्धांत सोळा विजेतेपदं त्यांची.

आता इथं थोडं थांबते, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणी मला सांगतात, बाई, आमची उंची कमी आहे. युरोपातल्या उंच मुली गोलपासून नऊ मीटरवरच्या तुटक रेघेवरून उडी मारतात आणि बचावाच्या हातांवरून चेंडू गोलमध्ये ठोकतात. कोरियाच्या मुलींना ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पायांवर काम केलं. चेंडू हातात घेऊन तीनच पावलं टाकता येतात, तीनच सेकंद तो धरता येतो. मग त्या तीन पावलांत हुलकावणी कशी द्यायची, पास किती लवकर सोडायचा, चेंडू मिळाला की समोरची बचावाला उभी राहायच्या आत कसं पोचायचं, हे त्यांनी घोटून घोटून बसवलं. १९८८ ला सोलमध्ये आणि १९९२ ला बार्सिलोनात त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. १९९५ ला जगज्जेत्या झाल्या. युरोपाबाहेरच्या बायकांनी ते पद पहिल्यांदाच मिळवलं. २००४ ला अथेन्सच्या फायनलला डेन्मार्कशी दोनदा जादा वेळ खेळूनही बरोबरी सुटेना, शेवटी सात मीटर थ्रोवर, म्हणजे गोलकीपरसमोर एकटीनं मारायच्या फेकींवर, हरल्या. त्या हरण्याचंही मला कौतुक आहे.

ही स्पर्धा नुसत्या चषकासाठी नसते. इथूनच आशियातले संघ जागतिक स्पर्धेला जातात. २०२१ ची स्पर्धा परत अम्मानलाच झाली. तिथून इराणच्या मुली पहिल्यांदा जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरल्या आणि त्या डिसेंबरात स्पेनमध्ये डोकं झाकून, पूर्ण बाह्या घालून खेळल्या. सामने बरेच हरल्या. पण त्या तिथं होत्या, आणि मला ते फार मोठं वाटतं.

आणि दिल्ली! डिसेंबर २०२४. ही स्पर्धा पहिल्यांदाच भारतात आली, इंदिरा गांधी स्टेडियमच्या हॉलमध्ये. कोरिया सलग सातव्या विजेतेपदासाठी आलेला. आदल्या वर्षी हांगझोच्या आशियाई खेळांत जपाननं त्यांना २९-१९ असं हरवलं होतं, पण या स्पर्धेत त्यांना अडवणं निराळं. फायनल जपाननं जिंकली, २५-२४. एका गोलनं. वीस वर्षांनी जपानच्या हाती हा चषक आला.

आपलं काय? २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या ज्युनिअर मुलींनी अल्माटीत आशियाई विजेतेपद मिळवलं. म्हणजे त्या वयापर्यंत आपल्याकडं दम आहे. पुढं तो कुठं जातो, हे मी या तालुक्यात डोळ्यांनी पाहिलंय. शालेय स्पर्धा चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या. दहावीला क्रीडा गुण मिळाले की घरचे म्हणतात, झालं आता. माझी सगळ्यात चांगली गोलकीपर दसऱ्यानंतर आईबापाच्या कोयत्यासोबत ऊसतोडीला गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. विभागीय सामना लागला तेव्हा ती कारखान्याच्या तळावर कोपीत होती. तिचा टी-शर्ट आम्ही बाकावर ठेवला आणि खेळलो. हरलो. पालकहो, जपाननं वीस वर्षं दम धरला, कारण तिथं मुलगी एकोणिसाव्या वर्षी मैदान सोडत नाही. मी तुमच्याकडं पैसे मागत नाही, जागा मागत नाही. मागते ती आणखी पाच वर्षं. सकाळचे दोन तास तिला मैदानावर येऊ द्या.

पोरींनो, उद्या साडेसहाला या. दोरी मी आणते, फक्कीची गोणी सरांनी खोलीत ठेवली आहे. दोन्ही खांबांच्या बुडापासून सहा-सहा मीटरची कमान मारू आणि मधे तीन मीटरची सरळ रेघ जोडू. गोलमध्ये कोण उभी राहणार, ते मात्र तुम्ही आपसात ठरवून या.