साउथपोर्टच्या गॅरेजमधले ब्लूज

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लिव्हरपूलच्या उत्तरेला, साउथपोर्ट नावाचे हवापालटाचे एक जुने गाव आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये नव्वदच्या दशकात काही तरुण चार ट्रॅकच्या, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्टे असलेल्या, टेप रेकॉर्डरवर अशी गाणी ध्वनिमुद्रित करत होते, की ऐकणाऱ्याला ती ब्लूजच्या माहेरी, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या काठी जन्मली असावीत असे वाटावे. त्यांच्या बँडचे नाव गोमेझ, आणि त्यांचा पहिला अल्बम ‘ब्रिंग इट ऑन’ १९९८ साली प्रसिद्ध झाला.

ब्लर आणि पल्प यांसारख्या बँडनी त्या दशकात इंग्लंडचे रोजचे जगणे गाण्यांत आणले होते. गोमेझची पाचही मुले मात्र जुन्या अमेरिकन ब्लूजकडे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या व्यथेच्या गाण्यांकडे, आणि ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीताकडे वळली. गिटारच्या तारांवरून सरकणारी स्लाइड (बोटात घालायची छोटी नळी), सैल, रेंगाळणारा ठेका आणि या सगळ्यांवर बेन ऑटवेलचा खरखरीत, खर्जातला आवाज! हा गायक तेव्हा जेमतेम विशीत होता, हे आजही मला खरे वाटत नाही. इअन बॉल आणि टॉम ग्रे हेही गात असत, त्यामुळे एकाच गाण्यात तीन स्वभाव भेटतात.

चार ट्रॅकवर काम करणे म्हणजे सतत निवड करणे. पट्टे भरत आले की त्यांतले काही एकत्र मिसळून एका पट्ट्यावर उतरवावे लागतात. मग त्यांतला एखादा सूर वेगळा काढून दुरुस्त करता येत नाही, आणि प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर थोडी वाढते. या अल्बमच्या नादात जो घरगुतीपणा आणि जी ऊब आहे, तिचे मूळ मला या पद्धतीत दिसते. केवळ नक्कल असती, तर ती इतकी टिकली नसती. ‘व्हिपिन पिकॅडिली’ या गाण्यात तर मँचेस्टरमधल्या भटकंतीचीच हकीकत आहे. चाल दूरची, अनुभव मात्र घरचा.

त्याच वर्षी या अल्बमला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान, मिळाले. स्पर्धेत द व्हर्व्ह, मॅसिव्ह अटॅक आणि पल्प होते. शिवाय कॉर्नरशॉप या बँडचा तो अल्बमही होता, ज्यात आपल्या आशा भोसले यांच्यावरचे गाणे आहे. हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण दूर देशीच्या गाण्यांवर जीव जडलेले दोन अल्बम त्या एका यादीत शेजारी बसले होते.

आता आपण अल्बमचे पहिले गाणे, ‘गेट माइल्स’, ऐकणार आहोत. आपल्या बेटावर प्रेम आहे आणि तरीही तिथे जीव गुदमरतो, असे ऑटवेल त्यात गातो. पहिला स्वर उमटेपर्यंत कृपया आवाज थोडा वाढवून ठेवावा.