लाइट असताना लाइनमन कोणाला आठवतो?

(संक्रांतीच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी ‘लाइनमन’ एवढंच कळवलं. आपल्या सेक्रेटरी वहिनींना वाटलं, मी महावितरणवर बोलणार!

तसं फार चुकलं नाही म्हणा. गावाकडे लाइट गेली की मगच लाइनमनची चौकशी होते. इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात बॉल घेऊन पळतात त्यात, तीच गत. पाच धिप्पाड गडी, म्हणजे लाइनमन, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. त्यांतला सेंटर सोडला तर बाकीच्यांचा हात बॉलला क्वचितच लागतो. समोरच्याला अडवायचं, बस. क्वार्टरबॅक आडवा झाला की मात्र सगळं स्टेडियम विचारतं, कोणाचा माणूस सुटला?

माझा मुलगा शाळेत गार्ड खेळायचा. तीन वर्षं आम्ही थर्मास घेऊन बाकावर बसलो आणि तिसऱ्या वर्षीही हिचा प्रश्न तोच: “पण हा नक्की करतो काय?” उत्तर शोधता शोधता मला फॉरेस्ट ग्रेग सापडला.

टेक्ससमधल्या बर्थराइट नावाच्या खेड्यात १९३३ साली जन्मलेला हा माणूस. १९५६ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघात टॅकल म्हणून आला. टॅकलच्या मानाने वजन बेताचंच, त्यामुळे ताकदीपेक्षा पायांवर आणि प्रतिस्पर्ध्यांच्या फिल्म बघण्यावर भर. सलग १८८ सामने खेळला. मधल्या काळात कोचिंगची नोकरी धरून खेळ सोडायला निघाला होता, पण परत आला. पॅकर्सचे कोच व्हिन्स लोम्बार्डींनी त्याला आपण शिकवलेला सर्वोत्तम खेळाडू म्हटलं. लक्षात घ्या, क्वार्टरबॅकला नाही, टॅकलला!

३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बेमध्ये डॅलसविरुद्ध लीगचा अंतिम सामना होता. तापमान उणे २५ सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, म्हणून शिट्ट्यांशिवाय सामना चालला. पॅकर्स शेवटच्या काही सेकंदांत जिंकले. ग्रेग त्यात होता.

आता आपल्या सिनसिनाटीकडे या. १० जानेवारी १९८२, म्हणजे संक्रांतीच्या चार दिवस आधी, नदीकाठच्या जुन्या स्टेडियममध्ये आपल्या बेंगल्स संघाचा सामना सॅन डिएगोशी. कोच ग्रेग. उणे २३, वर झोंबणारा वारा. पाहुणे आठवडाभरापूर्वी मायामीच्या उकाड्यात खेळून आलेले. बेंगल्सचे लाइनमन मैदानात आले ते उघड्या दंडांनी! आपण पार्किंगमधून या हॉलपर्यंत येताना दोनदा टोपी सावरली, ते आठवा. बेंगल्स २७-७ ने जिंकले आणि पहिल्यांदा सुपर बोलला, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्याला, गेले. तिथे २६-२१ ने हरले, ते जाऊ द्या.

पुढे पॅकर्सचा कोच म्हणून त्याचं फारसं जमलं नाही. मला तो भावतो तो त्यानंतरचा. डॅलसमधल्या त्याच्या जुन्या विद्यापीठावर, एसएमयूवर, खेळाडूंना पैसे चारल्याबद्दल १९८७ च्या हंगामाची बंदी आली; १९८८ चा हंगाम विद्यापीठानेच रद्द केला. व्यावसायिक संघ सोडून ग्रेग तिथे गेला आणि बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं घेऊन १९८९ मध्ये मैदानात उतरला. लाइनमन म्हणावेत असे देहच नव्हते त्यांच्याकडे. ह्यूस्टनने ९५-२१ असा धुव्वा उडवला. अकरा सामन्यांत जिंकले दोन, त्यातला एक कनेटिकटविरुद्ध, ३१-३०. आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या अनुभवांमध्ये ग्रेग पुढे या पोरांना धरायचा. खेळाडू म्हणून सुपर बोल जिंकलेला माणूस!

२०११ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराचा त्याच्याशी संबंध असू शकतो, असं डॉक्टरांचं मत पडलं. २०१९ मध्ये तो गेला.

आमच्या चिरंजीवांनी कॉलेजात गेल्यावर फुटबॉल सोडला. मी तोंडाने “अरे, का?” म्हणालो. ही स्वयंपाकघरात होती; तिने देवापुढे साखर ठेवली.