घरचा राऊटर व्हीपीएन अडवतो तेव्हा

नमस्कार. मी अमळनेरच्या घरातून पुण्यातील कार्यालयाचे काम करतो. मागील महिन्यात विजेच्या लपंडावात जुना राऊटर जळाला, नवा बसवला आणि त्याच दिवसापासून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग, जोडले जाईना. इंटरनेट चालू, पासवर्ड बरोबर. तरीही जोडणी पासवर्ड तपासण्याच्या टप्प्यापर्यंत येऊन थांबे आणि विंडोज ८०६ हा त्रुटी-क्रमांक दाखवी.

अशा वेळी प्रथम मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहावे. तेथे व्हीपीएन लागले, तर कार्यालयाचा सर्व्हर ठीक असून अडथळा बहुधा घरच्या राऊटरमध्येच आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आमचे व्हीपीएन पीपीटीपी या जुन्या पद्धतीचे आहे. त्यात जोडणीची बोलणी टीसीपीच्या १७२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित दारावरून) होतात, परंतु प्रत्यक्ष माहिती जीआरई या वेगळ्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे माहिती पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीतून, जाते. त्याचा क्रमांक ४७ आहे, आणि हा पोर्टचा क्रमांक नव्हे. मीसुद्धा तासभर राऊटरमध्ये ४७ क्रमांकाचा पोर्ट उघडत बसलो होतो. जीआरईला पोर्टच नसल्यामुळे आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) घरातील कोणत्या संगणकाचे, हे राऊटरला सहज ओळखता येत नाही. त्यासाठी राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या किंवा 'एएलजी' नावाच्या पानावर 'पीपीटीपी पासथ्रू', म्हणजे ही माहिती आरपार जाऊ देण्याचा, पर्याय असतो. माझ्या नव्या राऊटरमध्ये तो बंद होता. खूण करून राऊटर पुन्हा चालू करताच जोडणी लागली.

आपले व्हीपीएन एलटूटीपी-आयपीसेक या दुसऱ्या पद्धतीचे असेल आणि ८०९ ही त्रुटी येत असेल, तर आयपीसेक पासथ्रू तपासावा, तसेच फायरवॉल यूडीपीचे ५०० व ४५०० हे पोर्ट अडवत नाही ना, हेही पाहावे. पीपीटीपीची सुरक्षा आता कमकुवत मानली जाते, म्हणून कार्यालयाला पद्धत बदलण्याची विनंती मी केलीच आहे.

या खटाटोपात राऊटरचे रीसेटचे बटण मात्र दाबू नये. इंटरनेट पुरवठादाराने भरलेले युजरनेम त्यात पुसले जाऊ शकते आणि मग त्यांचा माणूस घरी येईपर्यंत इंटरनेटही जाते.

व्हीपीएन जोडले जाते, पण कार्यालयातील फाईल उघडत नाहीत, अशी तक्रार असेल तर घर आणि कार्यालय या दोन्हीकडच्या संगणकांचे आयपी पत्ते (नेटवर्कमधील क्रमांक) १९२.१६८.१ नेच सुरू होतात का, ते पाहावे. तसे असल्यास संगणक कार्यालयाचा सर्व्हर घरातच शोधत राहतो. घरच्या राऊटरमध्ये पत्त्यातील तिसरा आकडा बदलून, उदाहरणार्थ ३७ करून, ही अडचण सुटते.