पटावरचे नाव आणि शाळेतली जागा

दर वर्षी जून महिन्यात जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवरून, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी पूर्ण केलेली मुले मोठ्या गावातल्या हायस्कूलमध्ये आठवीला येतात. गावच्या शाळेत गुरुजींना त्यांच्या घरची खडान्‌खडा माहिती असते. इथे भरलेल्या तुकडीत ती हजेरीपटावरचा एक क्रमांक होतात. काही महिन्याभरात रुळतात, काही वर्ष सरले तरी नवखीच राहतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये शाळेविषयीचा आपलेपणा मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली मांडली. शाळेने आपल्याला स्वीकारले आहे, आपला मान राखला जातो, आपल्याला सामील करून घेतले जाते आणि अडचणीत कोणीतरी पाठीशी उभे राहते, असे विद्यार्थ्याला कितपत वाटते, हा तिचा गाभा होय.

साताऱ्याला हा प्रश्न फार जुना आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव येथील सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, पटावर चढले. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. नाव पटावर चढले, तरी बसायची जागा कोपऱ्यातच होती, तीही वेगळ्या गोणपाटावर, आणि झाडलोट करणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसल्यामुळे तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

याच शहरात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, मिळून काम करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. कोरड्या उपदेशाने जे साधले नसते, ते तिथल्या रोजच्या कामाने आणि पंगतीने साधले, असे म्हणायला हरकत नाही.

आज वेगळे पडण्याच्या वाटा बऱ्याचदा वेळापत्रकात दडलेल्या असतात. स्नेहसंमेलनाची तालीम आणि खो-खोचा सराव शाळा सुटल्यावर चालतो. दूरच्या वाडीची शेवटची एसटी कित्येकदा त्याआधीच स्टँडवरून हललेली असते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शासनाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, हे चांगलेच आहे, पण पासामुळे तालमीची वेळ बदलत नाही. मग दप्तर उचलून घाईने निघालेल्या मुलीविषयी ‘हिला आवडच नाही’ असा शेरा मारला जातो, आणि पुढच्या वर्षी तिला कोणी विचारीतही नाही. तालीम मधल्या सुट्टीत घेता येते, नेपथ्याचे काम तिच्याकडे सोपवता येते, निदान पहिला महिनाभर क्रमांकाऐवजी नावाने हजेरी घेता येते. यांपैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक लावताना एसटीचे वेळापत्रक शेजारी ठेवले, तरी यातले बरेचसे जमून जाते.